आर्डिसने सोडला नाही तो माग

आर्डिस टॉलिव्हरला ‘भांडकुदळ म्हातारी’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तिच्याबरोबर दिवसभर माग काढलेला नाही. मी काढलाय. अमेरिकेतल्या बिटररूटच्या डोंगरात, एल्क या सांबरासारख्या मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी ड्वेन पेल्कीने टाकलेल्या तळावर ती वाटाडी होती आणि मी खेचरं सांभाळायचो. बावीस वर्षं.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी खेचरं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. आर्डिसने कॉफीचा मग खाली ठेवला. “वादळ येतंय. आज एल्क भर दुपारी उघड्यावर चरायला येतील. उद्या बर्फात दाट झाडीत शिरले की शेपूटही दिसायचं नाही.”

शहरातून शिकारीला आलेला केंड्रिक हसला. “आजीबाई, फोनवर वादळ उद्या दुपारी दाखवतंय.”

“फोन चरायला जात नाही,” ती म्हणाली.

दुपारी चाळीसेक एल्क कुरणात उतरले. अधाशासारखे चरत होते, मान वर करायलाही सवड नव्हती. “थांब. तो नर कळपातून सुटा होऊ दे,” आर्डिस कुजबुजली. मी तिच्या मागेच होतो. केंड्रिकने बार काढलाच. नर उधळला. त्याच्यामागची मादी कोसळली, धडपडत उठली आणि झाडीत गेली. केंड्रिकचा परवाना फक्त नराचा होता.

आवाज ऐकून ड्वेन आला. “सोड तिला. बर्फ सुरू होतोय. लांडगे खातील. पाहिलंय कुणी?”

“मी पाहिलंय,” आर्डिस म्हणाली. “पोटात गोळी घेऊन ती तिकडे तडफडणार आणि आपण तंबूत बसून जेवायचं? लाज कशी वाटत नाही रे तुला?”

ती निघाली. मी खेचर घेऊन मागे. बर्फ रक्त झाकत होता, तेव्हा ती गुडघ्यांवर बसून बोटांनी वरचा थर बाजूला करायची. दोन तासांनी फरच्या झाडाखाली मादी सापडली. जिवंत होती. आर्डिसने एका गोळीत तिला सोडवलं आणि मग झाडाला टेकून कितीतरी वेळ शिव्या देत राहिली. मांस आम्ही खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी तिने शिकार अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. त्याने मला विचारलं, “गोळी कुणी झाडली?” ड्वेन माझ्याकडे बघत होता.

“मी खेचरांपाशी होतो,” मी म्हणालो.

केंड्रिक किरकोळ दंड भरून विमानाने परत गेला. आर्डिसला मात्र त्यानंतर या खोऱ्यात एकाही तळाने काम दिलं नाही. गावात म्हणतात, हिने घरची धुणी चव्हाट्यावर धुतली. बंदूक केंड्रिकची, लबाडी ड्वेनची, आणि बदनाम ही!

दुकानात भेटली की ती खेचरांची चौकशी करते. माझी करत नाही. मी अजून ड्वेनकडेच कामाला आहे, आणि सगळ्यात जास्त चीड मला स्वतःचीच येते.