तापट प्रोसेसर आणि बाळंतिणीचा कूलर

आमच्या घरातून एकीलाच पुढं शिकता येईल, अशी परिस्थिती होती. ती एक मी. ताईनं सातवीनंतर शाळा सोडली आणि मायच्या जोडीनं दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. वडील, आमचे दादा, मळणीयंत्रावर जायचे, अंगभर भुसकट घेऊन परत यायचे. उन्हाळ्यात घराचा पत्रा असा तापायचा की दुपारी आत कुणी थांबायचं नाही. मी मात्र आमच्या खेड्यातून, गोरेगावातून, रोज जीपनं जाऊन-येऊन कॉलेज केलं. घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी मान ताठ ठेवूनच सांगते.

आता मी घरूनच काम करते. शहरातल्या आर्किटेक्टना अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर करून देते. एकेका चित्रावर मशीन तासन्‌तास राबतं, म्हणून हिवाळ्यात नवं मशीन जुळवायला घेतलं.

दोन प्रोसेसरवर येऊन अडले होते. एक थंड स्वभावाचा. वीज कमी खाणारा, पण ठरलेल्या वेगाच्या पुढं त्याला फारसं नेता येत नव्हतं. दुसरा अनलॉक्ड, म्हणजे ओव्हरक्लॉक करून कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येणारा, पण तापट. महिनाभर व्हिडिओ पाहिले, तक्ते ताडून पाहिले. सगळ्या तुलना एसी खोलीत केलेल्या. पत्र्याखाली, मे महिन्यात कुणीच मोजलं नव्हतं. हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला पाहिजे होतं. मी तापट घेतला, वेग वाढवला आणि हिवाळाभर खूश होते.

मे महिन्यात ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. त्याच दिवसांत माझं मशीन चित्र अर्धवट सोडून बंद पडायला लागलं. घरात कूलर एकच, तो ताईच्या खोलीत. माय म्हणाली, "ने तुह्या खोलीत. बाळंतिणीला वारं चालत न्हाई."

एरवी मी भांडले असते. कान बांधणं असो की खाटेखालची शेगडी, मायच्या प्रत्येक गोष्टीला 'काहून?' म्हणणारी मीच. त्या दिवशी नाही विचारलं. जे मला कधीच पटलं नव्हतं, ते त्या दिवशी सोयीचं होतं. मशीनच्या कॅबिनेटची बाजू उघडली, कूलरचं तोंड तिकडं केलं. तापमान उतरलं तसं मलाही हायसं वाटलं. भिंतीपलीकडं बाळ किरकिरत होतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी ताईकडं गेले. ती कानाला रुमाल बांधून, मदरबोर्डच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून बाळाला वारा घालत होती. बाळाची मान आणि पाठ घामोळ्यांनी लालभडक.

"कसं हाय तुहं मशीन?" ताईनं विचारलं.

"बराबर चालून राहिलं."

"चालंलच की. घरात बाळंतपण त्याचंच चालू हाय. मायला म्हणावं, डिंकाचे लाडू बी त्यालाच चार."

ती हसली. मला हसता येईना.

"ताई, तू बोलली काहून न्हाई?"

"तुहं काम हाय म्हणून."

शाळा सोडतानाही ती असंच म्हणाली असेल. मला आठवत नाही. मी तेव्हा अभ्यास करत असणार.

खोलीत आले आणि ओव्हरक्लॉकिंग काढून टाकलं. वेग कंपनीनं दिला होता त्याच्याही खाली आणला. आर्किटेक्टला फोन करून सांगितलं, चित्राला उशीर होईल. मग कूलर परत ओढत नेला. माय दारात आडवी उभी.

"लेकराला सर्दी झाली म्हंजे?"

"अंगावर न्हाई सोडत. भित्तीकडं तोंड करते."

"लई शिकली तू!"

"व्हय, शिकले. म्हणून तर परवाच बोलायला पाहिजे होतं मी."

माय पुटपुटत राहिली, पण बटण तिनं बंद केलं नाही. ताईनं कानाचा रुमाल सोडला आणि डोळे मिटून घेतले. मी तिथं फार वेळ थांबू शकले नाही.

चित्र एक दिवस उशिरा गेलं, आर्किटेक्टनं ते घेतलं. बाळाच्या घामोळ्या बसल्या. आणि आमच्या घरात पहिल्यांदाच बाळंतिणीच्या खोलीत उरलेला उन्हाळाभर कूलर चालला.