सतरा नंबरचा फॉर्म

हे बायकोला माहीत नाही. गावाकडे आईला रोज फोन होतो, तिलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं बोलायला बसलोय — की हीसुद्धा माझी पळवाटच?

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. चाकणला आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, आणि ओळखीशिवाय इथं कंपनीच्या गेटातून आत पाय पडत नाही. मला आत घेतलं ते सुभेदारांनी. फौजेतून निवृत्त झालेले, खेड तालुक्यातलेच, आमच्या कंपनीच्या सिक्युरिटीचे मुख्य. पहिले आठ दिवस स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी मला दिली. ते मी विसरलो नाही. कधी वाटतं, विसरलो असतो तर —

असो. दोन वर्षांपूर्वी आमच्या चाळीत एक मॅडम येऊ लागल्या. विद्यापीठात राज्यशास्त्राचं संशोधन करायच्या, राहायला वाकडला. कारभार कामगाराला कसा दिसतो, पाणी आणि रेशन कुणाच्या दारापर्यंत पोचतं, जास्त विश्वास कुणावर — नगरपरिषदेवर, पोलिसांवर की लष्करावर, असलं विचारायच्या. गुरुवारी आम्हाला सुट्टी, तेव्हा स्कूटीवर यायच्या. चाळीतली सगळी दारं मला माहीत, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. पहिला फॉर्म माझाच भरला. शेजारच्या खोलीतला भागवत मला चिडवायचा, ‘या कलेक्टरसाहेब, आज कुणाच्या दारात?’ भागवत परभणीचा, आमच्याच कंपनीत कंत्राटी. माझ्या मुलाला ताप आला तेव्हा पिंपरीच्या दवाखान्यात त्याला खांद्यावर घेऊन गेलेला माणूस.

मॅडमची एक पद्धत होती. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी माझ्या खिशात — पुन्हा त्याच माणसाकडे जायचं असलं तर लागेल म्हणून. फॉर्म त्यांच्याकडे, यादी माझ्याकडे. दोन्ही एका हातात येऊ द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं.

आणि मला शंका आली ती तिथंच. रेशन कार्ड, आधार, गेटपास — माझ्या आयुष्यात जे जे खरं होतं त्यावर माझं नाव होतं. नाव नसलेला कागद कशाला असतो? निनावी तक्रारीला. मग ही बाई नाव का लिहीत नाही? प्रश्न विचारताना मला बाहेर का थांबवते? लष्कराशी हिला काय करायचंय? कुठं पाठवते हे सगळं? मी तिच्या मागं मागं चालायचो आणि मनात तिची झडती घ्यायचो.

एका गुरुवारी पिशवी माझ्या खोलीत ठेवून त्या नळाची रांग बघायला गेल्या. लक्ष ठेवा म्हणाल्या. मी लक्षच ठेवलं — पिशवी उघडून. सतरा नंबरचा फॉर्म वर होता. देश काही वर्षं लष्कराच्या हाती द्यावा का, असा प्रश्न. खाली मॅडमच्या अक्षरात उत्तर: ‘नाही. चुलता फौजेत होता, सीमेवरच्या माणसाचा मला अभिमान आहे. पण आमच्या गेटवर निवृत्त फौजी बसवलाय, तो आम्हाला कैद्यासारखं वागवतो. डबेसुद्धा उघडून बघतो. त्याला जाब विचारायची सोय नाही. देशाचंही तसंच होईल.’

यादी काढायची गरज नव्हती. चुलत्याची गोष्ट मी दहा वेळा ऐकली होती. तरी काढली, बोट ठेवून बघितलं. भागवत.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी सहज विचारलं, ‘कोन हाय रं ती बाई? काय इचारती?’ एवढंच. मी म्हणू शकलो असतो की पाण्याबद्दल विचारते. पण मला ते आपले वाटले, मॅडम परकी वाटली, आणि — खरं सांगू? — काहीतरी देऊन उपकार फेडायची संधी वाटली. सतरा नंबरात काय लिहिलंय ते मी सांगितलं, त्याचं नावही सांगितलं. त्यांनी नाव गेटच्या वहीत टिपलं. मग म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंस.’

सोमवारी भागवतचं गेट बंद झालं. कंत्राटी माणसाला कारण द्यावं लागत नाही, पण फॉर्ममधलं त्याचंच उत्तर त्याला गेटवर ऐकवलं गेलं.

चाळीत सगळे म्हणाले, बाईनंच नावं पुरवली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, मला तर पहिल्यापासूनच संशय होता. आणि हे खोटंही नव्हतं. यापेक्षा घाण वाक्य मी आजवर बोललो नसेन.

पुढच्या गुरुवारी मॅडम आल्या तर दारं उघडेनात. भागवत तेवढा बाहेर आला. चढ्या आवाजात नाही, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, ‘ताई, नाव येणार नाही म्हणाला होतात. मी तुमच्यावर इस्वास ठेवला.’

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. यादी कुणाकडं होती, हे त्यांना आणि मलाच माहीत होतं. मी खाली बघितलं. चपलेचा अंगठा तुटायला आला होता, तो अजून डोळ्यांपुढं आहे.

‘चूक माझी आहे,’ त्या भागवतला म्हणाल्या. माझ्याकडं परत पाहिलं नाही. स्कूटी वळवून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हाही मी संशयच घेतला — आता ही बाई कुठं तक्रार करणार? महिनाभर अनोळखी नंबर दिसला की मी मोबाइल उचलत नव्हतो. तक्रार आलीच नाही. फॉर्ममधल्या कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि त्या फॉर्मात मीही होतो.

भागवत खोली सोडून परभणीला गेला. जाताना कुकर आमच्याकडं ठेवून गेला, अजून त्यातच भात शिजतो. मी आता गेटवर असतो, सुभेदारांच्या हाताखाली. डबे मी उघडतो.

यादी फाडली नाही. सतरा नंबर भागवत. एक नंबर मी.