साडेतीन फूट खालचा नळ

साताऱ्यात आमचं घर चढावर होतं. पालिकेचं पाणी सकाळी सव्वासहाला यायचं आणि सात-दहाला जायचं, म्हणजे पंचावन्न मिनिटं. घर बांधलं तेव्हा नळ कमरेच्या उंचीवर होता आणि एक घागर चार मिनिटांत भरायची. आळीत घरं वाढली तशी तिला सात मिनिटं लागायला लागली, मग अकरा. सत्तरीच्या दशकातल्या एका चैत्रात तर नळातून नुसती हवा यायला लागली.

सगळी आळी जो उपाय करत होती तोच आम्ही केला. पाणी वर चढत नाही, तर नळ खाली न्यायचा. दारापुढे खड्डा घ्यायचा, नळ त्यात उतरवायचा, दोन पायऱ्या करायच्या आणि घागर घेऊन आपणही उतरायचं. अडचण एवढीच होती, की एकाने नळ खाली नेला की शेजारच्याचा आटायचा. आमच्या लगेच खाली फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं घर होतं. त्यांनी दोन फूट खणलं, आम्ही अडीच. त्यांनी तीन केलं. मी मोजणी खात्यात नोकरीला. फूटपट्टी घेऊन असल्या चढाओढीत पडायची मला हौस नव्हती. पण थोरली मुलगी भाद्रपदात बाळंत होणार होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. बाळंतिणीच्या घरात रोज किती पाणी लागेल ते बायकोने मोजून सांगितलं होतं: चौदा घागरी. आम्हाला मिळत होत्या पाच.

"पाणी नसेल तर तिला कुठल्या तोंडाने आणू?" ती म्हणाली. श्रावणात मुलीला आणायचं ठरलं होतं. मी साडेतीन फूट खणायचं ठरवलं.

नळाचं काम करणारा माणूस रहिमतपूरचा होता. त्याने पाइप खाली उतरवला आणि तोटी काढून माझ्या हातात दिली. मी कारण विचारलं. तोटीने पाण्याचा जोर अडतो, असं तो म्हणाला. "आन् बंद करायला हवीच कशाला, साहेब? पाणी काय तुमच्या मर्जीनं थांबतंय व्हय?" हे बरोबरच होतं. तेव्हापासून आमचा नळ म्हणजे खड्ड्याच्या तळापासून वीतभर वर असलेलं पाइपचं उघडं तोंड.

खणताना त्याची पहार मोरीच्या खापरी नळावर बसली. नुसता तडा आहे, असं सांगून त्याने त्यावर सिमेंट थापलं. ते आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी आंघोळीचं पाणी खड्ड्यात झिरपायला लागलं. गवंड्याला बोलावलं, तर तो म्हणाला, मोरीचा नळ स्वयंपाकघराच्या भिंतीखालून जातो, पावसाळ्याआधी तिथं हात घातला तर भिंत बसेल, दिवाळीनंतर बघू. तोवर रोज खड्डा उपसून काढायचा, हे काम माझ्याकडे आलं. रोज पंधरा बादल्या.

पण घागरी नऊ भरायला लागल्या. बायको खाली उतरली की जमिनीच्या वर फक्त तिचा अंबाडा दिसायचा आणि तिथूनच ती मला कामं सांगायची. भरलेली घागर मी वरून ओढून घ्यायचो. महिन्याभरात दोघांच्याही पाठी गेल्या.

ज्येष्ठात आष्ट्याहून आमचे व्याही आले. सुनेला कधी पाठवायचं ते ठरवायला आले होते. उसाची शेती असलेले भारदस्त गृहस्थ, पांढरा फेटा, हातात पेढ्यांचा पुडा. मी "जपून" म्हणेपर्यंत त्यांचा पाय खड्ड्यावरच्या फळीच्या कडेला पडला. फळी उलटली आणि ते सरळ उभेच्या उभे आत गेले. फेटा जागेवर होता, पुडाही हातात होता. गुडघ्यापर्यंत मोरीचं पाणी. ते तसेच उभे राहिले. त्यांनी आधी खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"आमची सून हितं बाळंत हुनार व्हय?"

त्यांना धोतर बदलायला दिलं, चहा दिला. श्रावणाच्या आत खड्डा पक्का बांधतो, वर लोखंडी झाकण बसवतो, असा शब्द दिला तेव्हा ते सांगून गेले, की बघतो. मी शब्द पाळला. तळ आणि चारी बाजू सिमेंटने बांधून घेतल्या. मोरीचं पाणी मात्र वरच्या एका फटीतून येतच राहिलं; ते किती साठतं ते कळावं म्हणून भिंतीवर तेलरंगाने इंचांच्या खुणाही केल्या. व्याह्यांना पत्र टाकलं, आणि पाठवतो असं त्यांचं उत्तर आलं. बायकोने डिंक आणून ठेवला.

आषाढात एकदा पाणी भरून झाल्यावर मी खड्डा न उपसता आंघोळीला गेलो. कचेरीला निघताना झाकण उचलून पाहिलं. आम्हा दोघांच्या आंघोळी झाल्या होत्या, पाणी वाढायला हवं होतं. ते चार इंच उतरलं होतं. तळ सिमेंटचा, तेव्हा मुरणं शक्य नव्हतं. मी कपड्यांसकट खाली उतरलो. साबणाचा फेस पाइपच्या तोंडाशी गोल फिरत होता. तोंडावर तळवा ठेवला, तर आतून ओढ लागली.

पालिकेने पाणी बंद केलं की पाइपमधलं उरलेलं पाणी उताराला जात होतं, आणि जाताना आमच्या खड्ड्यातलं ओढून नेत होतं. उताराला पहिलं घर हवालदारांचं. त्यांच्या दोन नातवंडांची पोटं आठ दिवस बिघडली होती. जांभळं जास्त खाल्ली, असं तेच मला सांगत होते.

मी बायकोला सांगितलं.  ती म्हणाली, पाणी गेलं की तोंडाला लाकडाचं बूच मारा, चार महिन्यांचाच प्रश्न आहे. मी चार दिवस ते करून पाहिलं. बूच हातात धरून खड्ड्यात उभा राहायचो. पण पाणी कधी सात-दहाला जायचं, कधी सात वाजताच, आणि वरून पाऊस. चारांपैकी दोन दिवस माझा हात पोचायच्या आत ते ओढलं गेलं होतं. तिसऱ्या दिवसाचाही मला भरवसा नव्हता.

पाचव्या दिवशी हवालदारांकडे गेलो आणि काय झालं ते सांगितलं. पाइपचं तोंड कायमचं बंद करून खड्डा बुजवतो, असंही सांगितलं. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते, ती कातरून संपवली.

"आवं साहेब, आमच्या खालीबी धा घरं हायती," ते म्हणाले. "आमचा खड्डा त्यांच्याकडं काय धाडतुया, ते आमी कवा बघितलं न्हाई." मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "मंजे आता तुमच्या वाटणीचं पाणीबी आमालाच."

मी हो म्हणालो.

"आन् लेक?"

सांगलीला, तिच्या मामाकडे, असं मी सांगितलं. हे मी बायकोला अजून विचारलेलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा तिने वाद घातला नाही. डिंकाची पुडी तिने पिशवीत भरली आणि भावाला पत्र लिहायला मला बसवलं.

मुलगा झाला. बायको अडीच महिने सांगलीत होती. मी चौकातल्या सार्वजनिक नळावरून सकाळी दोन बादल्या आणायचो, एकट्याला तेवढ्या पुरत. कचेरीत लोक विचारायचे, पहिलं बाळंतपण आणि मामाकडे कसं काय? मी म्हणायचो, पाण्याची अडचण. साताऱ्यात त्यावर कोणी पुढचं विचारत नसे. व्याह्यांनी मात्र विचारलं, आणि त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बारसं सांगलीलाच झालं, तिथे ते गेले; आमच्या साताऱ्याच्या घरी मात्र पुन्हा आले नाहीत.