जोतीदाचं मैदान

माझी पिठाची गिरणी तालमीला लागून आहे, त्यामुळं खणीकाठ पेठेतल्या कुठल्या पोराच्या डोक्यात काय शिजतंय ते मला त्याच्या आईच्या आधी कळतं. म्हणून सांगते, जोतीरामचं वाटोळं पलीकडच्या उत्तरवेस तालमीवाल्यांनी केलं असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा. चांगला सरळ करते. ते आमच्याच पेठेनं केलं, आणि वर प्रेमानं केलं.

जोतीराम आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. केस पांढरे व्हायला लागले तरी गोलात उभा राहायचा. गुडघा गेला तेव्हा खेळणं सुटलं आणि पोरांना शिकवणं सुरू झालं. पोटापाण्याला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत साचे भरायचा. लग्नाचं नाव काढू द्यायचा नाही. मी एकदा जयसिंगपूरचं चांगलं स्थळ आणलं होतं. पावणे येऊन बसले, पोहे खाऊन झाले, चहा झाला, आणि हा बाबा गेलता मॅचला! आला तो चिखलानं माखलेला. मला म्हणतो, "आक्का, जिंकलो की!" आता काय बोलायचं अशा माणसाला?

पेठेत फुटबॉलचं वेड म्हणाल तर घराघरात, पण सरावाला जागा नाही. तालमीच्या मागं, पाणी साचलेल्या दगडाच्या खणीच्या कडेला महापालिकेची मोकळी जागा होती. मोकळी म्हणजे कचऱ्यानं भरलेली. मेलेली कुत्रीसुद्धा लोक तिथंच टाकायचे. जोतीरामनं ती जागा मागायला पालिकेचे उंबरे झिजवले. फुटबॉल म्हणजे तुम्हा पेठवाल्यांची मारामारी, असं तोंडावर ऐकून घेतलं. तरी जात राहिला. शेवटी करार झाला. जागा पालिकेची, राखायची तालमीनं. सकाळी पालिकेच्या शाळेतल्या पोरापोरींना जोतीरामनं फुकट शिकवायचं, संध्याकाळी आमच्या संघानं सराव करायचा. संघ शहराचा म्हणून खेळणार, जर्सीवर छातीला कोल्हापूर आणि पेठेचं नाव पाठीवर. आणि एक अट. संघाच्या माणसांनी कुठंही दंगा केला, पोलिसांत गुन्हा नोंद झाला, की मैदान परत. त्याखाली जबाबदार माणूस म्हणून सही जोतीरामची.

विश्वजित, म्हणजे आमच्या तालमीचा तरुण सेक्रेटरी, लई भडकला. "छातीवर गावाचं नाव आणि पेठ पाठीला? जोतीदा, इज्जत घालवली की आमची!"

"लेका, पेठ काय गावाच्या भाईर हाय व्हय?" जोतीराम म्हणाला. "पोरांस्नी मैदान मिळतंय, तू नाव कुठं लिवलंय ते बघत बसलायस."

त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. फौंड्रीतून सुटला की घरी न जाता मैदानावर. स्वतः कचरा उपसला, माती टाकून रोलर फिरवला, टँकरवाल्याच्या पाया पडून पाणी मारून घेतलं. सकाळी पोरी खेळायला यायच्या. माझी नात अनुजा त्यातलीच. घरात मुकी पोरगी, मैदानावर बघावं तर "पास दे, पास दे!" म्हणून कोकलत असायची. गिरणीच्या आवाजातसुद्धा मला ऐकू यायचं. खोटं कशाला सांगू, मला पट्टा बंद करून ऐकत बसावंसं वाटायचं. शाळांच्या स्पर्धेला त्यांचा संघ निवडला गेला तेव्हा जोतीरामनं पेढे वाटले. बापानं वाटावेत तसे वाटले.

आणि मग आमचा संघ लीगच्या फायनलला गेला. समोर कोण, तर उत्तरवेस तालीम. त्यांचं आमचं वैर माझ्या सासऱ्याच्या काळापासूनचं. जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या तालमीवरनं गुलाल उधळत मिरवणूक न्यायची, हा आमच्याकडचा रिवाज, आणि तिथं डोकी फुटायची हाही रिवाजच. जोतीराम फायनलच्या आधी दारोदार हिंडला. माझ्या गिरणीतही आला, बायकांना म्हणाला, "वहिनी, पोरास्नी त्या दिवशी घरात ठेवा. एक दिवस. मैदान जाईल."

फायनल आम्ही जिंकलो. पोरं नाचत पेठेत आली. जोतीराम तालमीच्या पायरीवर उभा राहिला. म्हणाला, "नाचा, गुलाल खेळा, पर पेठेतच. मी उत्तरवेशीत जाऊन येतो. तवर कुणी पेठेचा नाका वलांडायचा न्हाय. विश्वजित, माझी शपथ हाय तुला."

तो का गेला सांगते. जुन्या लोकांत एक रीत होती. जिंकलेल्या तालमीच्या वडीलधाऱ्यानं एकट्यानं हरलेल्या तालमीत जायचं, हनुमानाला नारळ फोडायचा आणि त्यांच्याबरोबर जेवायचं. ताटाला ताट लागलं की त्या वर्षीचं भांडण मिटलं. पुढं कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही. ही रीत कधीच बंद पडली होती. नव्या पोरांना ठाऊक नव्हती, आणि यानंही गडबडीत सांगितली नाही. त्याला वाटलं, आपण जा म्हटलं तर जातील आणि थांबा म्हटलं तर थांबतील.

उत्तरवेशीचा उदयसिंह, त्यांच्या तालमीचा वस्ताद, दारात याला बघून हबकलाच. नारळ हातात बघितला तसा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पोटाशी धरून आत नेलं. घरनं मटणाचा डबा मागवला. बाहेर त्यांची हरलेली पोरं धुमसत उभी होती. पाहुण्याला कुणी वेडंवाकडं बोलू नये म्हणून उदयसिंहानं तालमीचं दार लावून आतनं कडी घातली.

तेवढंच कुणीतरी बघितलं. दार लागलेलं. तालमीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, जोतीदाला उत्तरवेशीत कोंडलंय. पाठोपाठ दुसरं, मारायलेत. फोन करावा तर जोतीरामचा फोन आमच्याच तालमीत खिळ्याला लटकलेल्या पिशवीत वाजतोय. मी गिरणीतनं बाहेर येऊन ओरडले, "अरं खुळ्यांनो, कुणीतरी एकटा जाऊन विचारून तरी या!" कोण ऐकतंय? विश्वजित रडत होता हो. खरंच रडत होता. "जोतीदासाठी जीव गेला तरी चालंल," म्हणत पळाला आणि अख्खी पेठ त्याच्या मागनं.

आत जोतीरामनं भाकरीचा तुकडा मोडला होता. बाहेर पत्र्यावर दगड पडायला लागले तसा तो ताटावरनं उठला. उदयसिंह नको म्हणत असताना कडी काढून बाहेर आला आणि त्यांच्या पोरांच्या पुढं जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून. "मी हाय! मला कुणी काय केलं न्हाय! जेवतोय मी!" दगड त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो आमच्या बाजूनं आलेला होता. उत्तरवेसवाले त्याच्या पाठीमागं होते, ते पुढनं कसे मारतील?

पुढं पोलीस, गुन्हे, दवाखाना. डोळा काढावा लागला. पालिकेनं मैदानाला कुलूप घातलं, त्यांना तरी काय बोलणार, अट लिहिलेलीच होती. दवाखान्यातनं पट्टी बांधून जोतीराम पालिकेत गेला, म्हणाला, संघाला नको, निदान सकाळी पोरींना तरी द्या. तिथला साहेब भला माणूस, पण म्हणाला, "जोतीराम, जबाबदार म्हणून सही तुमचीच आहे. आता कुणाच्या भरवशावर देऊ?" फौंड्रीत एका डोळ्यानं साचे जमेनात, त्यांनी गेटवर बसवलं. मैदानावर आता पालिकेच्या मोडक्या घंटागाड्या उभ्या असतात. स्पर्धेला अनुजाचा संघ गेलाच नाही. पोरगी परत मुकी झाली. मला त्या पोरांचा असा राग येतो की ती पीठ न्यायला आली तरी मी त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही.

आणि कळस ऐका. परवा तालमीच्या वर्धापनदिनाला विश्वजितनं जोतीरामचा सत्कार ठेवला. चौकात हा एवढा डिजिटल बोर्ड, पेठेचा ढाण्या वाघ म्हणून. फोटोत दोन्ही डोळे. शाल, नारळ, फेटा. विश्वजित माइकवर घसा फोडून सांगत होता, "जोतीदाला कोंडलं तवा ही पेठ घरात बसली न्हाय! जोतीदासाठी आजबी जीव द्यायला तयार हाय!"

जोतीरामला उभं केलं, माइक हातात दिला. त्यानं चेहरा वळवून उजव्या डोळ्यानं सगळी गर्दी बघून घेतली.

"मी तुमचा जीव कधी मागितला हुता?" तो म्हणाला. "नाक्यापतोर थांबा म्हटलं हुतं. तेवढं दिलं असतं तर पोरी खेळत असत्या."

मग विश्वजितनं डोळे पुसले, हात वर केला आणि ओरडला, "जोतीदाचा..." आणि सगळी पेठ एका आवाजात म्हणाली, "विजय असो!"