पाटीवरच्या ट्यूबा

दिग्रसच्या बसस्टँडमागे अन्सारचाचांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर लिहिलेलं होतं ‘अन्सार मिस्त्री’, पण वाचता यायचं फक्त ‘अन्सार’. पुढच्या शब्दावर कायम जुन्या ट्यूबा लटकलेल्या असायच्या. गिऱ्हाईक ‘ओ मिस्त्री!’ म्हणून ओरडलं की चाचा आधी चोरासारखे रस्त्याकडे बघायचे, मग गिऱ्हाइकाकडे. मी अख्ख्या गावाच्या नकला करते. तशी मान वळवणं मात्र मला कधी जमलं नाही.

मागे एकदा माझी अर्पिताताई स्कूटी घेऊन आली. ती नागपुरात भाषा शिकते, त्यामुळे प्लग साफ होईपर्यंतही तिला गप्प बसवत नाही.

“चाचा, मिस्त्री हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांचा मेस्त्र, इटलीचा माएस्त्रो, जर्मनांचा माइस्टर, इंग्रजांचा मास्टर, सगळ्यांचा आजा एकच. लॅटिनमधला माजिस्तेर. म्हणजे ‘जास्तीचा’ माणूस. आणि ‘कमीचा’, हाताखालचा नोकर, तो मिनिस्टर!”

“बंधू आनि भगिनींनो,” मी लगेच पुढाऱ्याचा घसा लावला, “आजपासून अन्सारचाचा मंत्र्याच्या वर!”

चाचा हसले नाहीत. “तिकडं हे नाव देते कोन, ताई? का ज्याचं त्यानं घ्याचं?”

“जर्मनीत अजूनही कितीतरी कामांना परीक्षा असते. ती झाल्याशिवाय माइस्टर म्हणवून घेता येत नाही.”

चाचांनी प्लग पुसून बसवला. ताई गेल्यावर बोलले.

काम ते शंकरसिंग उस्तादांकडे शिकले. उस्तादांची रीत अशी की शिकणारा तयार झाला, की गिऱ्हाइकासमोर एकदा म्हणायचं, ‘माह्याकडं कायले आला? त्या मिस्त्रीकडं जाय.’ तोवर हाक नुसत्या नावानं.

“मले घाई झालती, बेटा. इंजन पुरं बांधता येत नव्हतं, अन् पेंटरले सांगून मोकळा झालो. उस्ताद पाटीखालून गेले. वाचलं. काहीच बोलले नाई. एखादी शिवी तरी द्याची ना!”

त्याच दिवशी ट्यूबा चढल्या होत्या.

मग खाली बघत म्हणाले, “तू उस्तादची नक्कल करते म्हन्तात. एक बार म्हन ना. मिस्त्री.”

मी पान गालात सरकवल्यासारखं केलं, आवाज नाकात चढवला. “काय बे, मिस्त्रीऽऽ!”

चाचा ताडकन उठले. हात पुसत वळले, अन् समोर मी. कानापर्यंत लाल झाले.

“नोको. हे बी चोरीचंच झालं.”

त्यांनी ट्यूबा ओढून काढल्या आणि सायलेन्सरला मारायचा काळा रंग त्या शब्दावर फासला. तसेच काळ्या हातांनी निघाले. मीही मागे, असं संभाषण सोडतं कोण?

शंकरसिंग अंगणात कोणाचंतरी इंजिन उघडून बसले होते.

“उस्ताद, पाटीवरचं मिटवून आलो.”

उस्तादांनी वर पाहिलं नाही. “बारा-तेराचा पाना दे.”

चाचांनी घाईघाईनं दिला.

“हा दहाचा हाय, अन्सार.”

चाचांनी मान आणखी खाली घातली, बरोबर पाना शोधला आणि तिथंच उकिडवे बसले. संध्याकाळपर्यंत. ज्याच्याकडे पुसदपासून गाड्या दुरुस्तीला येतात, तो माणूस तिथं शिकाऊ पोरासारखा दिवा धरून बसला होता. उस्तादांच्या तोंडून तो शब्द काही निघाला नाही. चाचा निघाले तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले, “गुरवारी येत जाय.”

आता गुरुवारी दुकान बंद असतं. शंकरसिंगांची नक्कल मी अजून करते, एक शब्द सोडून. लोक काळा पट्टा बघतात आणि तरीही ओरडतात, “ओ मिस्त्री!”

चाचा रस्त्याकडे बघत नाहीत. नट आवळता आवळता म्हणतात, “अन्सार म्हना, भाऊ. बाकीचं उस्तादच्या हाती हाय.”