लागत नाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. गंमत अशी की यातलं अर्धं सगळ्यांना ठाऊक आहे. दर वर्षी मी स्वतःच ते नव्या मुलामुलींसमोर उभं राहून सांगते, मुलं हसतात, वहीत लिहून घेतात. उरलेलं अर्धं सांगायला आज बसलेय – आणि बसल्यापासून दोनदा उठून पाणी पिऊन आले.

आधी मी काय करते ते सांगते, नाहीतर तुम्हाला काही संदर्भ लागायचा नाही. परळकडच्या एका हॉस्पिटलात – नाव नको, त्यांचा यात काही दोष नाही – मधुमेही माणसांच्या पायांवर संशोधन चालतं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांतल्या नसा मरत जातात. पाय दिसायला धडधाकट असतो, पण त्याच्याखाली खिळा येवो की निखारा, माणसाला पत्ता लागत नाही. जखम होते आणि तो तिच्यावरच चालत राहतो. अशांना पायाच्या मापाच्या, मऊ तळाच्या चपला करून दिल्या, दर महिन्याला त्यांचे पाय तपासले, तर किती जणांचे पाय वाचतात, हे आम्ही बघत होतो.

माझं काम सगळ्यात पहिलं. रुग्णाचा पाय आपल्या मांडीवर घ्यायचा. त्याला डोळे मिटायला सांगायचं. नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो, तो तळव्यावर दहा ठिकाणी टेकवायचा, किंचित वाकेपर्यंत दाबायचा. स्पर्श कळला की रुग्णाने ‘हो’ म्हणायचं. कळला तिथे बरोबरची खूण, नाही कळला तिथे फुली. फुल्या आल्या तर माणूस आमच्या अभ्यासात, म्हणजे चपला आणि महिन्याची तपासणी. सगळ्याच खुणा बरोबरच्या आल्या तर – तुमचे पाय छान आहेत, काळजी घ्या, आणि घरी. इतकं सोपं काम आहे. कुणालाही जमेल.

आता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट.

हिरामावशी दादरच्या बाजारात मासे विकायची. साठीची बाई, अंगाने दणकट, नऊवारी काष्टा, पंधरा वर्षांची साखर. तिला तपासताना मी दोरा टेकवला आणि विचारलं, “लागतंय का?” ती म्हणाली, “नाय लागत.” मला वाटलं, ती दुखत नाही म्हणतेय. म्हणजे स्पर्श कळतोय, फक्त इजा होत नाही. तिला म्हणायचं होतं, काहीच कळत नाही. एकच क्रियापद – आणि मी दोन्ही पायांवर बरोबरच्या खुणा करून तिला घरी पाठवलं. पुढे चारेक महिन्यांनी बाजारात तिच्या चपलेतून शिंगाळ्याचा काटा तळव्यात घुसला. त्या माशाचा काटा म्हणजे दाभणच. ती तीन दिवस त्याच्यावर उभी राहून धंदा करत होती. सुनेला लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आमचा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर सरांनी तिचा जुना फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. मी ‘लागतंय का’ची हकीकत सांगितली. सरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “अगं, ही तुझी चूक नाही, प्रश्नाची चूक आहे.” त्यांनी फॉर्म बदलला. आमच्याकडे आता ‘लागतंय का’ हे शब्द उच्चारायला बंदी आहे. प्रशिक्षणात ही गोष्ट मी सांगते, कारण माझ्यासारखी कुणी सांगत नाही असं सगळे म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मला बढतीही मिळाली. या गोष्टीमुळेच असं नाही, पण तिच्यामुळे नाहीच, असं तरी कसं म्हणू?

मग यात लपवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. चूक झाली, कबूल केली, सुधारली. हो ना?

दोरा. त्या दिवशी दोरा मी डबीतून काढलाच नव्हता.

थांबा, नीट सांगते. म्हणजे सांगायचा प्रयत्न करते.

मी कोळ्याची पोर आहे. माझी आई चांगुणा त्याच बाजारात, त्याच रांगेत बसायची. आमच्या घरात दारापासून मोरीपर्यंत मासळीचा वास, आणि मला तो वास आहे हे कॉलेजात जाईपर्यंत ठाऊकही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीने ओढणी नाकाला लावली. हसली नाही, काही बोलली नाही, नुसती ओढणी लावली. त्या दिवसापासून मी दोनदा आंघोळ करायला लागले आणि बोलणंही बदललं. हॉस्पिटलात रुजू झाले तेव्हा सांगितलं, आई घरीच असते. लग्न होऊन अँटॉप हिलच्या क्वार्टर्समध्ये गेले तेव्हा तर कोळीवाडा मागेच पडला, असं मला वाटलं. आईला कुणी ओळखत नव्हतं. मला कुणी ओळखत नव्हतं.

आणि मग एका दुपारी ओपीडीच्या दारातून हिरामावशी आत आली. बाजार आटोपून तशीच आली होती, पायांवर खवले चिकटलेले. माझ्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर माझ्या मैत्रिणी बसलेल्या. तिने मला पाहिलं आणि अख्खी ओपीडी दणाणली.

“अगो! तू चांगुणेची पोर ना गो? माझ्या मांडीवर मुतलीस तू!”

शेजारी श्रुती बसली होती, तिने मान वर केली. आता ओढणी नाकाला जाणार – तिच्याकडे ओढणी नव्हती, शर्ट-पँट होती, पण मला ओढणीच दिसली. मी म्हणाले, “तुमची काहीतरी चूक होतेय. तुम्ही बसा.”

तुम्ही.

आमच्यात मावशीला कुणी ‘तुम्ही’ म्हणत नाही. आईला, आजीला, मावशीला – सगळ्यांना ‘तू’. ‘तुम्ही’ पोलिसाला आणि बँकेतल्या साहेबाला. तो शब्द तिला कुठे बसला ते मी पाहिलं. तिचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसते डोळे बदलले. ती खुर्चीवर बसली, पदर सारखा केला, आणि त्यानंतर एकदाही मला ‘गो’ म्हणाली नाही. तिला सगळं समजलं होतं. लोक समजतात तितक्या भोळ्या नसतात आमच्या बायका.

तिचा पाय मांडीवर घ्यायचा म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. तेवढा वेळ तिच्या पायाचा वास माझ्या ड्रेसला लागणार, आणि ती मध्येच आईचं काहीतरी काढणार. मला ती तिथून जायला हवी होती, बाकी काही नको होतं. म्हणून मी टेबलाच्या अलीकडूनच विचारलं, पायाला काही लागतं का. तिने उत्तर दिलं. मी खाली बघून दोन्ही पायांच्या दहा-दहा चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. एका दमात. तो फॉर्म अजून कपाटात आहे, आणि नीट पाहिलं तर दिसतं की त्या खुणा एकीला एक चिकटून, घाईत ओढल्यासारख्या आहेत. कुणी नीट पाहिलं नाही एवढंच. जुने कागद तपासायला माणसं येतात तेव्हा मी त्या कपाटाच्या आसपास घोटाळत राहते. हे गेली सहा वर्षं.

तिच्या मांडीवर मी वाढले. माझ्या मांडीवर मी तिचा पाय घेतला नाही.

पाय काढल्यावर वॉर्डात तिच्यासमोर जायचं मी टाळत होते. सरांनीच पाठवलं, पेशंटशी बोलून घे म्हणून. मला वाटलं होतं, आता ती सगळ्यांसमोर बोलेल, आणि बोलली तर बरंच होईल. ती म्हणाली, “या बाई. बसा तुम्ही.” शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागली की या बाई फार चांगल्या आहेत. माझं गुपित तिने सांभाळलं, ते माझ्यापेक्षा जास्त नीट. मी पाच मिनिटं बसले आणि जिन्यात येऊन रडले. रडले ते तिच्या पायासाठी की सुटले म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

आईने मात्र एकदा विचारलं. कोळीवाड्यात बातमी पोचलीच होती, ‘लागतंय का’च्या गोष्टीसकट. आई बोंबील साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, “तुला कळला नाय?” मी म्हटलं, नाही गं, गोंधळ झाला. तिने पुढचा बोंबील विळीवर धरला. पुन्हा तो विषय तिने काढलेला नाही. आमच्याकडे येणंही तिने कमी केलंय, गुडघे दुखतात म्हणते. गुडघे दुखतातही. पण मी दर वेळी फोन करताना आधी श्वास घेऊन मग नंबर लावते.

आता हे सगळं आजच का, तर सर प्रशिक्षणाची पुस्तिका काढतायत. त्यांना ती गोष्ट माझ्या शब्दांत हवी आहे, माझ्या नावाने. पेशंटची संमती घेतली पाहिजे, म्हणून गेल्या रविवारी मी संमतीपत्र घेऊन हिरामावशीकडे गेले. खरं सांगते, ती नाही म्हणेल अशी आशा धरून गेले होते.

कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ती खाटेवर बसली होती. आता बाजारात सून बसते. मला पाहून ओरडली, “ये गो!” घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल. जवळ बसवून घेतलं, चहा झाला. मी कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की रुग्णाच्या बोलण्याचा अर्थ लावताना गैरसमज झाला. ती ऐकत होती. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “तू तरी काय करशील गो? शिकलीस, आपली बोली इसरलीस. मलाच नीट बोलता आला नाय.”

तिला खरंच तसं वाटतं. सहा वर्षं ती असंच समजून बसलीय की आपल्या तोंडून नीट शब्द निघाला नाही म्हणून आपला पाय गेला.

मी तेव्हा बोलू शकत होते. घरात आम्ही दोघीच होतो. माझं तोंड उघडलंही होतं.

तिने पेन मागितलं. अक्षर अक्षर लावून सही केली आणि कागद माझ्या हातात देत म्हणाली, “लिव. हिराला बोलता आला नाय, असा लिव. दुसऱ्या कोणाचा तरी पाय वाचल.”

मी कागदाची घडी केली, तिच्या पाया पडले – जो एक पाय आहे त्याच्या – आणि निघून आले. ते संमतीपत्र आता या वहीशेजारी आहे. पुस्तिकेचं पान कोरं आहे. सरांचे आज दोन फोन येऊन गेले.

बोली मी विसरलेले नाही. स्वप्नं अजून त्याच बोलीत पडतात. त्या दुपारी मी टेबलाच्या अलीकडून विचारलं, पायाला काही लागतं का. तिने जे उत्तर दिलं त्यातले दोनच शब्द मी जगाला सांगत आले. तिचं उत्तर एवढं होतं:

“नाय लागत. काय पण लागत नाय. परवा उकळता पाणी पडला पायावर, तवा पण कळला नाय.”

मी ऐकलं. मला कळलं. आणि मी खुणा केल्या.