आर्डिसच्या करवती

आर्डिसबद्दल सांगायचं तर आधी तिच्या तोंडाबद्दल सांगावं लागेल. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात तिच्याइतकं फटकळ कोणी नाही. माझ्या सहा खेचरांसमोर उभी राहून, त्यातल्या डचेसच्या मानेवर हात ठेवून म्हणायची, "ऑरन, तुम्हा सात जणांत अक्कल एकालाच आहे, आणि ती या डचेसला." दुसरं कोणी असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. तिचं चाळीस वर्षं ऐकलं.

तिचं काम करवतींना धार लावायचं. वरच्या रानात इंजिनाला कायद्यानेच बंदी. गाडी नाही, मशीनची करवत तर नाहीच. वादळात वाटेवर झाडं आडवी पडली, की दोघांनी दोन टोकं धरून ओढायच्या लांब करवतीनं ती कापायची. कापतं कोण? दर उन्हाळ्यात एक संस्था सोळा-सतरा वर्षांची पोरं आणते आणि सहा आठवडे तंबूत ठेवते. पोरं वाटा मोकळ्या करतात, जळलेल्या उतारावर रोपं लावतात, रविवारी शिखर चढतात, दोर धरून नदी ओलांडतात. येताना फोन चालत नाही म्हणून रडतात, जाताना रान सोडवत नाही म्हणून. त्यांचं सामान माझी खेचरं नेतात.

एका करवतीला आर्डिसचा अख्खा दिवस जायचा. कानस घेऊन एकेक दात घासायचा. धार जमली असेल तर लाकडातून भुसा नाही, शेवया निघतात, चांगल्या वीतभर लांब. "शेवई तुटायला लागली की करवत परत पाठवा," ती पोरांना दटावायची, "जोर काढत बसू नका, गाढवांनो!" अलीकडे तिची नजर अधू झाली होती. आता एका करवतीला तीन-चार आठवडे लागत; दोन चष्मे एकावर एक चढवून ती हिवाळाभर सहा करवती घासत बसे. डॉक्टरनं यंदा शेवटचं म्हणून बजावलं होतं. तिला एकच घोर होता, हे काम आपल्यामागे कोण धरणार? उत्तरही तिच्याकडे होतं. ब्रिन.

ब्रिन सोळाव्या वर्षी इथं आली ती नखं रंगवून. पहिल्या दिवशी करवत उलटी धरली होती. आर्डिसनं तिला फैलावर घेतलं, रडवलं, मग घरी नेऊन जेवू घातलं. पुढची सगळी वर्षं पोरगी तिच्या बाकाशेजारी बसून शिकली आणि आता संस्थेची इथली प्रमुख झाली. सप्टेंबरात पोरं खाली उतरतात, त्या दिवशी आर्डिस तिला बाक, कानशी आणि स्वतःची लांब करवत सगळ्यांदेखत देणार होती. तसलं पोलाद आता कुठं बनत नाही. ती करवत तिनं मलासुद्धा कधी हाताळू दिली नव्हती.

आता माझं सांगतो. ऑगस्टमध्ये ब्रिननं एक बंद पेटी वर न्यायला दिली. खेचरावर सामान लादायचं म्हणजे दोन्ही बाजूंचं वजन सारखं लागतं, नाहीतर जनावराची पाठ सोलते. म्हणून प्रत्येक पेटी मी हातानं उचलून बघतो. ही भलतीच जड होती. पेट्रोलचा वासही येत होता.

"काय गं हे?"

"शेगडी आहे, ऑरन काका. मोठी."

"आणि आजच न्यायची कसली घाई?"

"संस्थेला वाट मोकळी झाल्याचे फोटो हवेत. तू ने ना, प्लीज."

नेली. हेच उत्तर ऐकून मागच्या वर्षीही नेली होती, त्याच्या मागच्या वर्षीही.

सप्टेंबरचा तो दिवस उजाडला. पायथ्याच्या मैदानात टेबलं मांडली होती, मक्याची कणसं भाजत होती, पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. आर्डिस सवयीनं परत आलेल्या करवती बघायला बसली. एका करवतीवरचं, जुना रबरी पाइप चिरून केलेलं म्यान काढलं आणि दातांवरून अंगठा फिरवला. मग दुसरी काढली. मग तिसरी.

"ब्रिन," ती म्हणाली, "वरच्या खोऱ्यात किती झाडं कापली म्हणालीस?"

"तीनशे चाळीस."

"या करवतींनी एकही कापलेलं नाही. माझ्या कानशीचे ओरखडे अजून दातांवर आहेत."

एक मुलगी खाली बघत म्हणाली, "झाडं मशीनच्या करवतीनं कापली. आम्ही फक्त ओंडके बाजूला सारले. फोटो काढताना करवती धरायला दिल्या होत्या."

ब्रिनचे डोळे भरले, पण हटली नाही. "हातानं झालंच नसतं, आर्डिस! पोरांना शिखर तरी कधी दाखवायचं? वाट मोकळी झाली ना? तीन वर्षं झाली, कोणाचं काय बिघडलं?"

"तीन वर्षं?" आर्डिसचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मग माझ्याकडून हिवाळाभर धार कशाला लावून घेतलीस?"

ब्रिननं करवतीवर म्यान परत चढवलं. मग म्हणाली, "यंदा तेवढं राहिलं, नाहीतर त्या दगडावर घासून बोथट करूनच मी तुझ्याकडे आणायचे. तुला बरं वाटावं म्हणून."

आर्डिस शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगतो, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दोन्ही चष्मे काढले, पुसले आणि माझ्याकडे वळली.

"वर तुझ्याशिवाय कोणाची खेचरं जात नाहीत."

मी खेचराचा दोर सोडायला वळलो.

"पेटी उचलून बघितल्याशिवाय तू दोर आवळत नाहीस, ऑरन. तुला कळलं नाही?"

ब्रिन शेगडी म्हणाली होती, असं सांगता आलं असतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना.

"कळलं होतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. ब्रिनसाठी आणलेली लांब करवत उचलली आणि माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडे. दिसायला छान आहे, फोटोत बरी दिसेल."

ती गाडीत बसून निघून गेली. नजर अधू, तरी कोणाला चालवू दिली नाही. त्यानंतर तीनदा तिच्या दारात गेलो. दार उघडते, डचेस कशी आहे विचारते आणि लावून घेते. मला एक शिवीसुद्धा देत नाही.

करवत माझ्या तबेल्यात टांगली आहे. मी ती एकदाही लाकडाला लावलेली नाही. धार अजून तशीच आहे.